तारेवरचं एनॅमल, सेलवरची निळी फिल्म आणि गाडीखालचा मुलामा

गेल्या अंकात ई-गाडीच्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेवर विजेला अडवणाऱ्या एनॅमलचा पातळ थर असतो, एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: एनॅमल तारेच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून मी निवृत्त झाले. एनॅमलमधल्या क्रेसॉल या द्रावकाचा वास साडीला असा धरायचा की बसमध्ये शेजारची बाई खिडकी उघडायची. पगार मात्र वेळेवर व्हायचा.

बार्शीहून एक वाचक: ताई, नवी इलेक्ट्रिक कार घेतली. ॲक्सेसरीजच्या दुकानात म्हणाले, गाडीखालून बॅटरीला ‘नॅनो थर्मल इन्सुलेशन कोटिंग’ मारून देतो. उन्हाळ्यात बॅटरी थंड राहील आणि रेंज वाढेल. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. करून घ्यावं का?

नका करून घेऊ. उष्णता अडवणारा थर दोन्ही बाजूंनी अडवतो. गाडी चालताना आणि त्याहून जास्त फास्ट चार्जिंग करताना उष्णता बॅटरीच्या आतच तयार होते. ती बाहेर पडायला हवी, आणि तुम्ही तिच्याच वाटेवर मुलामा मारणार. शिवाय बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, तिथे ऊन पोचत नाही. उन्हाचा त्रास कमी करायचा असेल तर गाडी सावलीत लावा, आणि दुपारी बाराला लांबून आल्या आल्या फास्ट चार्जर जोडू नका. याला पैसे पडत नाहीत.

याहून मोठी काळजी वेगळी आहे. बॅटरीच्या पेटीला श्वास घेण्यासाठी एक लहान झडप असते, तिच्यावर पाणी अडवणारा पण हवा सोडणारा पडदा असतो. तापलेली पेटी पावसाच्या पाण्यात गेली की आतली हवा आकसते. झडप मोकळी असेल तर बाहेरची हवा आत येते आणि दाब सारखा होतो. झडपेवर डांबरी मुलामा बसला तर पेटी सीलमधून पाणी ओढायला बघते. सेल बिघडून वायू सुटलाच, तर त्याला बाहेर पडायलाही वाट लागते. अंडरबॉडी कोटिंग करणारा मुलगा ही झडप ओळखत नाही, त्याच्या हातातली स्प्रे गन तर नाहीच नाही. वॉरंटीचं काय होईल ते शोरूममध्ये विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

कुपवाडहून एक दुकानदार: मोटारी भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान वडिलांपासूनचं आहे. पंपाच्या मोटारींबरोबर आता ई-स्कूटरच्या चाकातल्या मोटारीही येतात. एक जळालेली भरून दिली, थोड्याच महिन्यांत परत आली. तार चांगली ड्युअल कोट, गेज तेच, वेढे तेवढेच. मग काय झालं असेल? आणि कारच्या मोटारी भरायला घ्याव्यात का?

मोटार न बघता सांगते आहे, तेव्हा संशयितांची नावं क्रमाने देते.

पहिला संशय जुनं वाइंडिंग काढण्याच्या पद्धतीवर. पंपाच्या स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाला, गॅसची बत्ती लावून जुनं वार्निश जाळायचं आणि कॉइल ओढून काढायची, हे सगळीकडे चालतं. पण स्टेटरचा गाभा एकसंध लोखंड नसतो. सिलिकॉन स्टीलच्या पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीवर काही मायक्रॉनचा इन्सुलेशनचा थर असतो. एका चकतीतून दुसरीत प्रवाह घुमू नये म्हणून तो असतो. साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवलं की हा थर जळायला लागतो. मग चकत्या आतून एकमेकींना जोडल्या जातात, घुमणारे प्रवाह वाढतात आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. ५० हर्ट्झच्या पंपात हे कधी कधी खपून जातं. चाकातल्या मोटारीत चुंबकांच्या जोड्या साधारण वीसेक असतात, त्यामुळे वेगात गेल्यावर लोखंडातली वारंवारता काही शे हर्ट्झपर्यंत जाते. तिथे थराचं हे नुकसान लगेच दिसतं. बत्ती लावू नका. कॉइलची टोकं कापा, वार्निश सोडवायचं रसायन वापरा आणि वेळ द्या. चुंबकांचं कडं तर उष्णतेपासून लांबच ठेवा. निओडायमियमचं चुंबक जास्त तापलं की कायमचं कमजोर होतं आणि त्याचा आळ तुमच्या वाइंडिंगवर येतो.

दुसरा संशय वार्निशवर. आपल्याकडे वार्निश म्हणजे तारा हलू नयेत म्हणून लावायची गोष्ट, असं समजतात. चाकातल्या मोटारीत तिचं मोठं काम उष्णता वाहून नेण्याचं आहे. तिथे तारा आतल्या स्थिर भागावर असतात, बाहेर चुंबकांचं कडं फिरतं, आणि तारांची उष्णता बाहेर जायला आसाची वाट आणि मधली हवेची फट एवढंच असतं. स्लॉटमध्ये, म्हणजे तारा बसतात त्या खाचेत, तारांच्या मध्ये हवा राहिली तर ती उष्णता जवळपास धरून ठेवते. वार्निश हवेच्या सात-आठपट चांगली वाहक आहे. ब्रशने वरून वार्निश लावून बल्बखाली वाळवलं तर आतली हवा आतच राहते. स्टेटर आधी भट्टीत गरम करा, मग वार्निशमध्ये बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आत ठेवा, निथळू द्या, आणि वार्निशच्या डब्यावर लिहिलेलं तापमान आणि वेळ पाळून भाजा. डब्यावरचं वाचणारा वाइंडर मला अजून भेटायचा आहे.

तिसरा स्लॉटमधला पेपर. लेदरॉइड हा साधा जाड कागद या ठिकाणी घालू नका. ओलावा पितो आणि कमी तापमानालाच काळा पडतो. पॉलिएस्टर फिल्मच्या दोन्ही बाजूंना ॲरॅमिड (उष्णता सोसणाऱ्या धाग्यांचा कागद) असलेला पेपर मागा. स्लॉटच्या तोंडाशी पेपर दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिला पाहिजे. तिथली लोखंडाची धार तारेचं एनॅमल खरवडते आणि मोटार महिन्याभराने जळते, टेबलावर नाही.

चौथा संशय पाण्यावर. केबल आसातून आत जाते तिथलं सील बदललं होतं का?

तारेची जात तुमची बरोबर आहे. ड्युअल कोट म्हणजे खाली पॉलिएस्टरइमाइड, वर पॉलिअमाइड-इमाइड. ही २०० अंशांच्या उष्णता-वर्गात बसते. पण वर्ग म्हणजे कवच नव्हे. १९३० मध्ये अमेरिकेत मॉन्टसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर काम करून दाखवलं की तापमान साधारण ८ अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं होतं. कारखान्यांत पुढे ‘दहा अंशाला निम्मं’ असा ढोबळ नियम रूढ झाला. तुमची मोटार ठरल्यापेक्षा तीस अंश जास्त तापत असेल तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं, तार कितीही महागडी असो.

इन्सुलेशन तपासायचा मेगर ५०० व्होल्टचा लावा, पण आधी कंट्रोलर आणि हॉल सेन्सरच्या (चुंबकांची जागा ओळखणाऱ्या) तारा सोडवा. नाहीतर मोटार पास होईल आणि सेन्सर मरतील.

कारच्या मोटारी घेऊ नका. हल्ली बऱ्याच मोटारींत गोल तार नसते. चौकोनी तांब्याच्या, केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या पट्ट्या स्लॉटमध्ये घालून टोकं वेल्ड केलेली असतात. वेल्डच्या आधी एनॅमल लेझरने काढतात आणि नंतर त्या टोकांवर इपॉक्सी पावडरचा थर देतात. कुपवाडमध्ये सोडा, मोठ्या शहरांतही हे दुरुस्त करायची सोय सहसा नाही.

छत्रपती संभाजीनगरहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी: मॅडम, ८०० व्होल्टच्या गाड्यांत तारेचं एनॅमल कमी पडतं असं वाचलं. पण डेटाशीटप्रमाणे तेच एनॅमल काही हजार व्होल्ट सोसतं. मग अडचण कुठे आहे? आणि कमीच पडत असेल तर थर जाड का करत नाहीत?

चांगला प्रश्न विचारलास. डेटाशीटमधला आकडा दोन तारांचा पीळ घालून, व्होल्टेज चढवत नेऊन, काही सेकंदांत घेतलेला असतो. मोटारीत एनॅमल असं एका फटक्यात फुटत नाही. त्याच्या शेजारची हवा आधी फुटते.

दोन गोल तारा एकमेकींना टेकल्या की टेकण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हवेची निमुळती पाचर उरते. एनॅमलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्र कमी करायची क्षमता, साडेतीन-चारच्या घरात, हवेचा एक. त्यामुळे विद्युतक्षेत्राचा जास्तीत जास्त ताण त्या बिचाऱ्या हवेवर येतो. हवा किती व्होल्टला फुटते हे अंतर आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतं, हे पाशेनने १८८९ मध्ये मांडलं. त्याच्या वक्राचा तळ नेहमीच्या हवेच्या दाबाला सुमारे ३३० व्होल्टवर आहे, आणि अंतर असतं साधारण ७-८ मायक्रॉन. त्याखालच्या व्होल्टेजला हवेत ठिणगी पडतच नाही. म्हणून वरच्या कुपवाडच्या काकांना ४८-७२ व्होल्टच्या स्कूटरमध्ये या भानगडीत पडायची गरज नाही. ८०० व्होल्टला आहे.

त्यात इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीच्या डीसीची मोटारीसाठी एसी करणाऱ्या यंत्राची, भर पडते. मोटारीला गुळगुळीत साइन वेव्ह मिळत नाही. सेकंदाला दहा हजारांच्या आसपास उभे ठोके मिळतात. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच आल्यापासून एका ठोक्याची चढण काही दशक नॅनोसेकंदांत होते. इतक्या वेगाचा ठोका कॉइलच्या सगळ्या वेढ्यांवर सारखा वाटला जात नाही, पहिल्या काही वेढ्यांवरच आदळतो. वर परावर्तनामुळे शिखर बॅटरीच्या व्होल्टेजच्या पुढे जातं. हातानं किंवा मशीननं गोल तार भरताना कॉइलचा पहिला वेढा शेवटच्याच्या शेजारी पडू शकतो, तेव्हा तर सगळं व्होल्टेज दोन थरांच्या मध्ये उभं राहतं.

मग पाचरीत बारीक बारीक विद्युत-विसर्जनं, म्हणजे सूक्ष्म ठिणग्या, होतात. एकेक इतकं क्षुद्र की मोटारीला पत्ताही नसतो. पण त्यातून ओझोन तयार होतो, आयनांचा मारा होतो आणि एनॅमलचे सेंद्रिय रेणू तासागणिक झडत जातात. एक दिवस खाली तांबं दिसतं.

आता जाडीचं. एनॅमलची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला पाव वॅटच्या आसपास आहे, तांब्याची ३९०. दीड हजारपटींचा फरक. थर जाड केलास तर तारेची उष्णता आतच अडकते, आणि स्लॉटची जागा तेवढीच असल्यामुळे तांबं कमी बसतं, म्हणजे उष्णता वाढतेही. गोल तारांनी स्लॉट निम्माच्या आसपास भरतो. चौकोनी पट्ट्यांनी तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत नेला, तो फायदाच जाड थर खाऊन टाकतो. चौकोनी पट्टीला कोपऱ्यांवर एनॅमल नीट धरत नाही हे आमचं जुनं दुखणं. द्रव एनॅमल पृष्ठताणामुळे कोपऱ्यावरून सरकतं आणि सपाट भागावर साठतं. शिवाय पट्टी वाकवली की बाहेरच्या बाजूचा थर ताणला जाऊन आणखी पातळ होतो.

म्हणून उद्योगाने तीन वाटा धरल्या. एक, एनॅमलमध्येच सिलिका किंवा ॲल्युमिनाचे नॅनो कण मिसळायचे. विसर्जन होतं, पण झीज फार सावकाश होते. कण जास्त झाले तर थर ठिसूळ होतो आणि वाकवताना तडकतो, त्यामुळे कृतीत प्रमाणाला फार महत्त्व आहे आणि कुठलीच कंपनी ते सांगत नाही. दुसरी वाट, एनॅमलऐवजी किंवा त्याच्यावर पीकसारखं (PEEK) प्लास्टिक एक्स्ट्रूड करायचं, म्हणजे वितळवून साच्यातून तारेवर चढवायचं. थर कोपऱ्यावरही सारखा बसतो, मोटारीवर फवारल्या जाणाऱ्या गरम तेलालाही टिकतो, पण महाग. तिसरी वाट, रेझिन आत नीट मुरवून हवेलाच हद्दपार करायचं. आंतरराष्ट्रीय मानकातही हे दोन स्वभाव वेगळे ठेवले आहेत: आयईसी ६००३४-१८-४१ म्हणतं की आयुष्यभर विसर्जन होऊच नये, ६००३४-१८-४२ म्हणतं की झालं तरी इन्सुलेशन टिकलं पाहिजे. कारच्या मोटारीला पहिलाच बाणा बरा, असं माझं मत.

२०१९ ची पोर्शे टायकान, २०२१ ची ह्युंदाई आयोनिक ५ या ८०० व्होल्टच्या गाड्यांनी हा प्रश्न बाजारात आणला. ४०० व्होल्टच्या तुलनेत त्या व्होल्टेजला तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो, केबल बारीक होते, चार्जिंग लवकर होतं, म्हणून सगळे तिकडे निघाले आहेत. आणि एक गंमत लक्षात ठेव: ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. मुंबईत शांत असलेली मोटार तिथे विसर्जनाच्या जास्त जवळ असते.

प्रोजेक्ट हवा असेल तर एक स्वस्तातला सुचवते. एनॅमल तारेचा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडव, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाक, तार १२ व्होल्ट डीसीच्या ऋण टोकाला जोड, धन टोक पाण्यात. थराला जिथे सुईएवढं भोक असेल तिथून गुलाबी रेघ वर येते. मग तीच तार थोडी ताणून, वाकवून पुन्हा बुडव. किती रेघा वाढल्या ते मोज. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावायचो. त्यानंतर कोणी तार हलगर्जीपणे ओढत नसे.

चिपळूणहून एक वाचक: २०२१ च्या पुराच्या आठवणी ताज्या असताना इलेक्ट्रिक कार घेतली. मागच्या पावसाळ्यात ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवून गाडी सुरूच झाली नाही. सर्व्हिसवाल्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि ‘सुकवलं’ म्हणून परत दिली. शॉक बसायची भीती आहे का?

गाडीने सुरू व्हायला नकार दिला, हे तिने बरोबर केलं. कारमधली उच्च व्होल्टेजची यंत्रणा पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असते आणि एक सर्किट सतत तो अलगपणा मोजत असतं. एका ठिकाणी गळती झाली तरी शॉक बसत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाट नसते. दुसऱ्या ठिकाणीही झाली तर मात्र बसू शकतो. म्हणून पहिल्यावेळीच ओरडायचं असा नियम आहे.

एसी आणि डीसी भाग जोडलेले असतात तिथे व्होल्टमागे किमान ५०० ओहम रोध हवा. ३५० व्होल्टच्या बॅटरीला हे पावणेदोन लाख ओहम होतात. कोरड्या निरोगी गाडीत याच्या कितीतरी पट मिळतो. तेव्हा सर्व्हिसवाल्यांना विचारा: कोणत्या भागात कमी आला, किती आला, दुरुस्तीनंतर किती झाला? ‘सुकवलं’ हे उत्तर नाही. चार्जिंगचं तोंड, एसीचा कॉम्प्रेसर, मोटारीची जोडणी, शीतक द्रवाची बारीक गळती, या नेहमीच्या जागा. किनाऱ्याच्या खारट दमट हवेत बॅटरीच्या नियंत्रण बोर्डावर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचा संरक्षक थर असतो, पण कनेक्टरच्या पिना उघड्याच. दुरुस्तीत कोणी बोर्ड बदलला असेल तर नव्या बोर्डावर तो थर आहे ना, हेही विचारा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, घराच्या भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाणी, अर्धा तास, तेही स्वच्छ. वाशिष्ठीच्या गाळाची हमी त्यात नाही.

नाशिकहून एक तरुण: निळ्या आवरणाचे प्रिझमॅटिक (चौकोनी पेटीचे) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल जुन्या पॅकमधून मिळाले. घरच्या सोलरसाठी जोडतो आहे. काहींची निळी फिल्म फाटली आहे. काळी इलेक्ट्रिकल टेप लावली तर चालेल?

नाही. काळ्या पीव्हीसी टेपचा गोंद उन्हाळ्यात सरकतो, टेप उकलते. आणि ती निळी फिल्म शोभेची नाही. बऱ्याच एलएफपी सेलमध्ये ॲल्युमिनियमची पेटी स्वतःच धन टोकाच्या व्होल्टेजवर किंवा त्याच्या जवळ असते. सिरीजमध्ये जोडलेल्या दोन सेलच्या पेट्या टेकल्या तर थेट शॉर्ट. फाटकी फिल्म पूर्ण काढ, पेटी पुसून कोरडी कर, पॉलिएस्टर किंवा पॉलिइमाइडची नवी फिल्म गुंडाळ आणि दोन सेलमध्ये इपॉक्सी-काचेचा पत्रा ठेव. पेटीला पोचा असेल किंवा ती फुगली असेल तर तो सेल नको. हे तू मला विचारलंस ते बरं केलंस, व्हिडिओ बघून केलं असतंस तर पत्र दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं असतं.

कारखान्यांनाही ही फिल्म आता नकोशी झाली आहे. घडीवर दुमडी पडते, खाली बुडबुडा राहतो. नव्या पॅकमध्ये मधले मोड्यूल काढून सेल थेट पेटीत चिकटवतात. तिथे गोंद फिल्मला धरतो आणि फिल्म सेलवरून सुटते, म्हणजे सगळा सांगाडा एका चिकटपट्टीच्या भरवशावर. म्हणून सेलवर थेट थर फवारून तो अतिनील प्रकाशात कडक करायची पद्धत येते आहे. सेलच्या आतही असाच एक थर असतो: धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणारा पॉलिइथिलिनचा विभाजक १३० अंशांच्या पुढे वितळून आकसतो, तो जागच्या जागी राहावा म्हणून त्यावर ॲल्युमिना किंवा बोहमाइटचा दोन-चार मायक्रॉनचा लेप देतात. एक सेल पेटलाच तर शेजारच्याला झळ पोचू नये म्हणून मध्ये एरोजेल किंवा अभ्रकाचे पत्रे घालतात. २०२२ मध्ये स्कूटर पेटण्याच्या घटनांनंतर आपल्याकडे ई-वाहनांच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ या मानकांत सुधारणा झाल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलमधलं अंतर, वायूची वाट आणि आग पसरण्याची चाचणी त्यात आली. तुझ्या घरच्या पॅकला यातलं काहीच लागू नाही, म्हणून तो जिन्याखाली ठेवू नकोस.

मडगावहून एक वाचक: माझ्या ई-कारच्या मोटारीतून घरघर येते. मेकॅनिक म्हणतो, बेअरिंगमधून करंट गेला. थापा मारतो का?

थापा नाहीत. इन्व्हर्टरच्या त्या उभ्या ठोक्यांमुळे शाफ्टवर व्होल्टेज साठतं आणि बेअरिंगमधल्या ग्रीसची पातळ फिल्म फोडून पलीकडे जातं. दर ठिणगीला पोलादावर सूक्ष्म खळगा पडतो, पुढे कड्यावर समांतर पट्टे उमटतात आणि घरघर सुरू होते. यावर शाफ्टला मोटारीच्या कवचाशी जोडणारा (अर्थिंगचा) ब्रश लावतात, किंवा सिरॅमिकच्या गोळ्यांचं बेअरिंग, किंवा बाहेरच्या कड्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर दिलेलं बेअरिंग. जुनं बेअरिंग कापून आतलं कडं बघायला मागा. पट्टे दिसले तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. ब्रश झिजला आहे का तेही तपासून घ्या आणि मूळ जातीचंच बेअरिंग बसवा, बाजारातलं साधं पोलादी नको.